खिडकीपाशी बसून पूल बांधणारा माणूस : वॉशिंग्टन रोब्लिंग

निळी_शाई

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. पुलांचे इंजिनीअर होते. माझ्या लहानपणी महिनोन्‌महिने साइटवर असायचे, आणि तिथून आलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाशी पेन्सिलीने काढलेला छोटासा पूल असायचा. एक बाण, आणि बाणाशी लिहिलेलं, ‘आज इथपर्यंत’. मला धड वाचता येत नव्हतं तेव्हाही एवढं कळायचं, की बाण पलीकडच्या काठाला टेकला की बाबा घरी येणार.

त्यांच्या कपाटातल्या एका फाइलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा फोटो होता. त्याची गोष्ट ते तीन वाक्यांत सांगायचे. बापाने पूल आखला आणि बाप गेला. मुलाने बांधायला घेतला आणि तो अंथरुणाला खिळला. सुनेने पुरा केला. यंदा फाइल आवरताना ठरवलं, की हे एकदा नीट वाचून काढायचं. वाचत गेले आणि त्या मधल्या माणसापाशीच थांबले. बापाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, सुनेबद्दल आता लिहिलं जातं (आणि लिहायलाच हवं), पण वॉशिंग्टन रोब्लिंग मात्र ‘खिडकीतला आजारी नवरा’ एवढ्यावरच उरतो. म्हणून हा धागा.

जन्म २६ मे १८३७, पेनसिल्व्हेनियातलं सॅक्सनबर्ग. वडील जॉन रोब्लिंग जर्मनीतल्या म्युलहाउझेनहून आलेले. अमेरिकेत तारेचे दोर वळायला ज्यांनी आधी सुरुवात केली त्यांच्यापैकी एक, आणि झुलत्या पुलांचे बादशहा. घरात मात्र हा माणूस फार भयंकर होता. मारझोड, सततचा धाक, बायकोची घुसमट. वॉशिंग्टनने उतारवयात वडिलांचं चरित्र लिहिलं त्यात काहीच झाकून ठेवलेलं नाही. ते कागदपत्रांत पडून राहिलं आणि छापलं गेलं थेट २००९ साली. त्यात तो लिहितो, की वडील कामासाठी दीर्घकाळ बाहेर असत हे आमचं नशीब, नाहीतर आम्ही मुलं लहानपणीच मेलो असतो.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. आमच्याकडे पूल संपायची वाट बघायचे. त्या घरात पूल संपूच नये असं वाटत असणार.

अशा घरातून आलेला मुलगा पुढे कसा नवरा आणि कसा बाप झाला, हे मला त्याच्या पुलाइतकंच मोठं वाटतं.

ट्रॉय इथल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमधून १८५७ साली तो इंजिनीअर झाला आणि वडिलांच्या हाताखाली पिट्सबर्गच्या पुलावर लागला. १८६१ साली यादवी युद्धात साधा शिपाई म्हणून भरती झाला. गेटिसबर्गच्या लढाईत तो जनरल वॉरनच्या हाताखाली होता. लिटल राउंड टॉप नावाच्या टेकडीवर तोफ ओढून न्यायला ज्यांनी हात लावला त्यांच्यात तोही होता. त्याच वॉरनची धाकटी बहीण एमिली त्याला १८६४ च्या फेब्रुवारीत छावणीतल्या एका नाचाच्या समारंभात भेटली. पुढचं जवळजवळ वर्षभर त्याने तिला छावणीतून पत्रांमागून पत्रं लिहिली. १८ जानेवारी १८६५ ला लग्न झालं.

१८६७ साली दोघं युरोपला गेली. पाण्याखाली पाये घालायची नवी रीत बघायला वडिलांनीच धाडलं होतं. त्या दौऱ्यात, आजोबांच्या म्युलहाउझेनमध्येच, त्यांचा एकुलता मुलगा जन्मला. वडिलांबद्दल एवढं सगळं मनात असताना मुलाचं नाव ठेवलं जॉन.

जून १८६९ मध्ये पुलाची जागा आखताना फेरीबोट धक्क्यावर आदळली आणि जॉन रोब्लिंग यांच्या पायाची बोटं चिरडली. डॉक्टरांचं न ऐकता त्यांनी स्वतःचे पाण्याचे उपचार चालवले. धनुर्वात झाला. २२ जुलैला ते गेले, मुलाच्याच घरी. वॉशिंग्टन तेव्हा ३२ वर्षांचा. जगातला सगळ्यात लांब गाळ्याचा झुलता पूल, १५९५ फुटांचा, आता त्याच्या गळ्यात.

मनोऱ्यांचे पाये घालायला केसन वापरायचं होतं. केसन म्हणजे नदीच्या तळावर उपडी ठेवलेली अवाढव्य लाकडी पेटी. आत दाबाची हवा भरायची, म्हणजे पाणी बाहेर राहतं. माणसं आत उतरून तळ खोदतात, वर दगडी मनोरा चढत जातो आणि त्या भाराने पेटी खाली खाली रुतते. ब्रुकलिनच्या (तेव्हा ते न्यूयॉर्कहून वेगळं शहर होतं) बाजूची पेटी १६८ फूट लांब आणि १०२ फूट रुंद होती, छत १५ फूट जाडीच्या पाइनच्या ओंडक्यांचं. आत दिवसभर चिखल, दमट उष्मा आणि मिणमिणते दिवे. दाबामुळे आवाज बारीक किनरा यायचा. मेणबत्ती फुंकून विझवली तर ज्योत पुन्हा पेट घ्यायची.

त्या मेणबत्तीनेच घात केला. डिसेंबर १८७० च्या सुरुवातीला एका रात्री कुणाच्या तरी हातातली ज्योत छताच्या फटीत कोंबलेल्या तागाला लागली. दाबाच्या हवेत आग लाकडाच्या पोटात शिरली. खालून बघावं तर मुठीएवढं भोक, आणि आत किती पसरली आहे कुणालाच कळेना. वॉशिंग्टन रात्रभर आत होता. विझली असं वाटलं, तो वर आला, तर पाय चालेनात. घरी नेऊन अंग चोळत होते तेवढ्यात निरोप आला, की छताला गिरमिटाने भोकं पाडून पाहिली तर चार फूट आत निखारे आहेत. पुन्हा निघाला. शेवटी केसनमध्ये पाणी सोडून ते भरूनच टाकलं. मग सुतारांनी काही महिने आडवं पडून जळकं लाकूड कोरून काढलं आणि त्या जागी सिमेंट भरलं.

न्यूयॉर्कची बाजू त्याहून खोल. १८७२ च्या वसंतात मजुरांना वर आल्यावर सांधे फोडून काढणाऱ्या कळा यायला लागल्या. काही जण दगावले. खडक अजून लागला नव्हता. ७८ फुटांवर त्याने नमुने तपासले आणि मे महिन्यात खोदकाम थांबवलं. न्यूयॉर्कचा मनोरा आजही वाळूवर उभा आहे. खडकापर्यंत जायचं तर आणखी सुमारे वर्ष लागलं असतं आणि आणखी किती जीव गेले असते हे त्याला ठाऊक होतं.

स्वतः तो तोवर मोडला होता. दुखणं असं, की मोठा आवाज सहन होईना, जास्त बोलवेना, डोळे जातील अशी भीती. १८७२-७३ च्या हिवाळ्यात, आपण जगत नाही असं धरून, त्याने उरलेल्या पुलाचा बारीकसारीक तपशील लिहून काढला. पुढचा सगळा पूल त्याने खोलीतून बांधला. १८७७ पासून ब्रुकलिनच्या कोलंबिया हाइट्सवरच्या घरातून, खिडकीत दुर्बीण लावून. आणि एमिली गणित, पदार्थांची ताकद, केबलची वक्ररेषा, सगळं शिकली आणि रोज पुलावर जाऊ लागली.

२४ मे १८८३ ला पूल खुला झाला. समारंभ झाल्यावर राष्ट्राध्यक्ष आर्थर त्याच्या घरी गेले, हात मिळवायला.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पूल झाला, नाव झालं, पुढे काय? मुलगा जॉन वडिलांच्याच कॉलेजात शिकायला गेला तर हे दोघं नवरा-बायको १८८४ पासून चार वर्षं ट्रॉयला जाऊन राहिले. मुलगा शिकतोय म्हणून. ज्याच्या बापाचं घरी नसणं हेच पोरांचं सुख होतं, तो माणूस मुलाच्या जवळ राहायला घर बदलतो.

तुम्हाला माहीत असलेलं लिहा. चुकलं असेल तर तेही सांगा.

ओळंबा

ताई, लेख एका बैठकीत वाचला. मी निवृत्त आहे, आयुष्य पाये घालण्यात गेलं, म्हणून वाळूच्या निर्णयाबद्दल थोडं लिहितो. तुम्ही ते दोन ओळींत उरकलंत आणि माझ्या मते त्या माणसाचं सगळं मोठेपण तिथे आहे.

खडकापर्यंत जा, हे सांगायला धैर्य लागत नाही. खडक म्हटलं की कुणी बोट ठेवत नाही. ‘इथे थांबा’ म्हणणारा मात्र पूल उभा असेपर्यंत जबाबदार. त्याने नुसतं मजुरांची दया येऊन थांबवलं असंही नाही. खालचा वाळू-खड्यांचा थर इतका घट्ट बसलेला होता, की जमा झाल्यापासून तो हललेलाच नाही असं त्याचं मत पडलं. खडकही सपाट नव्हता. एका कोपऱ्यात आधी लागला असता, दुसऱ्या कोपऱ्यात कितीतरी खाली. पेटीचा एक कोपरा खडकावर आणि उरलेली वाळूवर अशी टेकली, की ती कलायला लागते. हे सगळं तोलून तो थांबला. दीडशे वर्षं झाली, मनोरा जागेवर आहे.

मी एकदा आयुष्यात असा निर्णय वरिष्ठांपुढे मांडला होता. खोदाई थांबवावी असा. पंधरा दिवस झोप नव्हती, आणि माझ्यापुढे तर मातीच्या चाचण्यांचे गठ्ठे होते. त्याच्यापुढे होती हातात घेतलेली वाळू.

आणखी एक. तारेच्या घोटाळ्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. लिहा, नाहीतर मी लिहितो.

निळी_शाई

ओळंबाकाका, तुम्हीच लिहा. बाबा असते तर त्यांनीही तुमच्याच तोंडून ऐकलं असतं.

ओळंबा

बरं, लिहितो.

ब्रुकलिन हा पोलादी तारेच्या केबलवर बांधलेला पहिला झुलता पूल. चार मुख्य केबल, प्रत्येकीत १९ पेड मिळून ५४३४ तारा, एकीशेजारी एक समांतर. तार पुरवायचा ठेका रोब्लिंगच्या स्वतःच्या कारखान्याला मिळाला नाही. पुलाच्या विश्वस्तांनी तो दुसऱ्याच एका ठेकेदाराला दिला. त्याच्याबद्दल वॉशिंग्टनने आधीच लेखी सावध केलं होतं. १८७८ च्या उन्हाळ्यात उघड झालं, की चाचणीत पास झालेल्या तारेची गुंडाळी वाटेत बदलून नापास माल पुलावर चढत होता. चांगली गुंडाळी पुन्हा पुन्हा तपासायला येत होती.

तोवर खराब तार केबलमध्ये ओवली गेली होती. ती उसवून काढता येत नाही. इथे कुणाचेही हातपाय गळाले असते. या माणसाने खोलीतल्या अंथरुणावरून हिशेब मांडला. आपण केबल गरजेच्या सहापट ताकदीची धरली आहे. खराब तार जमेला धरली तरी सुमारे पाचपट उरते. वर प्रत्येक केबलमध्ये दीडशेच्या आसपास चांगल्या तारा वाढवा, खर्च ठेकेदाराचा.

ती खराब तार आजही त्या पुलात आहे.

कागदावर सहापट लिहिताना त्याने वारा धरला होता, भार धरला होता, आणि माणूस कुठेतरी चुकणार, फसवणार, हेही धरलं होतं. आम्ही साइटवर याला ‘हात राखून ठेवणं’ म्हणतो. लहानपणी ज्याला घरात कुणी कसलीच सवलत दिली नाही, त्याने पुलाला एवढी सवलत दिली. ताईंचा लेख वाचताना हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर. आजाराबद्दल थोडं.

दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. हळूहळू वर आलं तर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो. झटकन वर आलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात, सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही. कळांनी माणूस वाकतो, म्हणून मजुरांनी त्याला ‘बेंड्स’ म्हटलं. न्यूयॉर्कच्या केसनचे डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी ११० रुग्णांची नोंद केली. ‘केसन डिसीज’ हे नाव त्यांनीच रूढ केलं.

वाईट वाटतं ते कालक्रमाचं. स्मिथ बरोबर दिशेला होते, एअरलॉकमधून (दाब उतरवायच्या मधल्या खोलीतून) सावकाश बाहेर या असं सांगत होते. पण त्यांचं ‘सावकाश’ म्हणजे मिनिटांत मोजण्यासारखं. तिप्पट दाबातून येणाऱ्याला ते फार अपुरं. आणि थकलेला मजूर तेवढंही थांबायचा नाही. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा उलगडा फ्रान्समध्ये पॉल बेर यांनी केला १८७८ साली. टप्प्याटप्प्याने वर यायची कोष्टकं जॉन हॉल्डेन यांनी दिली १९०८ साली. वॉशिंग्टन दिवसातून कितीदा तरी आत-बाहेर करायचा. मुख्य इंजिनीअरला कोण थांबवणार?

पुढच्या वर्षांतला त्याचा त्रास, तो आवाज सहन न होणं, तो प्रचंड थकवा, सगळा बेंड्सचाच होता का, यावर डॉक्टरांत वेगवेगळी मतं आहेत. वडिलांचा तसा मृत्यू, ती आग, मजुरांची मरणं, हे सगळं अंगावर घेऊन बसलेला माणूस आहे तो. मला रुग्ण म्हणून समोर आला असता तर मी फक्त सांधे तपासले नसते.

अर्धविराम

लेख मनापासून आवडला, तरी एक बोलते.

त्याला चांगला नवरा, चांगला बाप ठरवताना एमिलीच्या बाजूने बघितलं का? तिची उमेदीची अकरा वर्षं त्याच्या खोलीत आणि त्याच्या पुलावर गेली. त्याचं दुखणं, त्याचा पत्रव्यवहार, विश्वस्तांची राजकारणं, ठेकेदार, बातमीदार, आणि पदरी लहान मुलगा. पगार नाही, हुद्दा नाही. उद्घाटनाच्या भाषणात राजकारणी अब्रॅम ह्युइट यांनी तिचं नाव घेतलं, तेही ‘स्त्रीच्या त्यागाचं स्मारक’ अशा थाटात. (मान्य, त्याच वाक्यात त्यांनी बायकांना उच्च शिक्षणापासून फार काळ दूर ठेवलं गेलं असंही म्हटलं.) पुलावर तिच्या नावाची पाटी लागली १९५१ साली. तीसुद्धा ‘प्रत्येक थोर कामामागे स्त्रीचा त्याग’ अशीच. मागे? ती तर पुलावर होती.

एक प्रेमळ नवरा आणि एक संपून गेलेली बायको अशा जोड्या मी जवळून पाहिल्या आहेत, म्हणून हे टोचतं.

मधली_सुट्टी

+१. आणि तिने ते शिक्षण घेतलं कसं? कॉलेजात तर गेली नसेल.

निळी_शाई

अर्धविराम, तुमचा प्रश्न दोन दिवस मनात घोळतोय. घाईने उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

तिचं आयुष्य त्यात गेलं हे खरंच. ते मी गोड करून सांगणार नाही. पण दोन गोष्टी मला दिसतात.

एक, मधली_सुट्टी यांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे : ती घरीच शिकली, नवऱ्याकडून आणि त्याच्या पुस्तकांतून. त्या काळात नवऱ्याने बायकोला निरोप्या म्हणून वापरणं सोपं होतं. चिठ्ठी द्यायची, उत्तर आणायचं. त्याने तिला केबलचं गणित दिलं. ठेकेदाराने उलट प्रश्न केला तर तिथल्या तिथे उत्तर देता येईल इतकं. पूल पुरा होत आला तेव्हा पहिल्यांदा गाडीतून पलीकडे जायचा मान तिला मिळाला. मांडीवर विजयाचं चिन्ह म्हणून कोंबडा घेऊन ती गेली आणि कामगारांनी हातातलं काम थांबवून टोप्या उडवल्या.

दोन, तो तिचं ऋण उघड बोलून गेला. आपण खचलोच असतो, पण टेकायला एक भक्कम मनोरा होता, आपली बायको, असं त्याने म्हटलं आहे. आयुष्यभर मनोरे बांधणाऱ्याने हा शब्द उगीच वापरला नसेल.

आणि ती संपून गेली असं मला वाटत नाही. १८९९ साली, पंचावन्नाव्या वर्षी, तिने न्यूयॉर्क विद्यापीठातला स्त्रियांसाठीचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा केला. विवाहित स्त्रीला कायदा कसा पांगळा करतो यावर तिने निबंध लिहिला, त्याला बक्षीस मिळालं. १९०३ च्या फेब्रुवारीत ती कर्करोगाने गेली. तो तेव्हा ६५ वर्षांचा. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं की आधी हा जाणार.

एक गोष्ट मात्र तुमच्याच बाजूची आहे. त्याची लग्नाआधीची पत्रं राहिली, रटगर्स विद्यापीठात आहेत. तिची उत्तरं जवळजवळ नाहीतच.

अर्धविराम

हे शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून आभार. निबंधाबद्दल माहीत नव्हतं, शोधून वाचते. गणित दिलं, हा मुद्दा पटला. वर ‘संपून गेलेली’ लिहिलं ते मागे घेते.

दगडधोंडे

माझा छंद खनिजांचा, त्यामुळे मी या माणसाला पुलाआधी तिथून ओळखतो. घराबाहेर पडणं कठीण झाल्यावर त्याने खनिजं जमवली, सोळा हजारांवर नमुने. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनच्या खाणीत सापडलेल्या एका नव्या खनिजाला १८९७ साली त्याच्या नावावरून ‘रोब्लिंगाइट’ म्हणायला लागले. पांढरं, चिनी मातीसारखं दिसणारं, शिसं असलेलं. फोटोत अगदी साधं दिसतं.

आधी पायाखालची वाळू निरखणारा, नंतर टेबलावर दगड निरखणारा. मला ते एकच वाटतं.

शून्यलब्धी

त्याला काढून टाकायचा प्रयत्नही झाला होता ना? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

ओळंबा

हो, १८८२ साली. ब्रुकलिनच्या तरुण महापौरांचं म्हणणं, की जो कधी दिसतच नाही त्याला मुख्य इंजिनीअर का ठेवायचं. विश्वस्तांत मतदान झालं, १० विरुद्ध ७ ने तो राहिला. तीन मतं. पूल पुरा व्हायला वर्षही उरलं नव्हतं.

त्याच्या हाताखालच्या साहाय्यकांचंही नाव निघायला हवं. मार्टिन, कॉलिंगवूड, पेन, हिल्डेनब्रँड वगैरे मंडळी त्याला न पाहता वर्षानुवर्षं त्याच्या शब्दावर काम करत राहिली. आणि मेकॅनिक फॅरिंग्टन, जो ऑगस्ट १८७६ मध्ये दोन मनोऱ्यांमधल्या पहिल्या दोराला टांगलेल्या फळीवर बसून नदीपार गेला. वरिष्ठ खोलीत आहे आणि साइट बिनबोभाट चालली आहे, हे मी उभ्या नोकरीत फार कमी वेळा पाहिलं. त्या लेखी सूचना कशा असतील याचा विचार करा.

मजुरांची नावं मात्र फारशी राहिली नाहीत. आयरिश, जर्मन, इटालियन. विसाहून जास्त माणसं त्या कामावर गेली.

मधली_सुट्टी

एमिलीनंतर तो तेवीस वर्षं जगला, त्याबद्दल कुणी लिहिलं नाही.

निळी_शाई

लिहिते. १९०८ साली त्याने दुसरं लग्न केलं, कॉर्नेलिया फॅरो यांच्याशी. ट्रेंटनला राहायचा. १९१२ साली त्याचंच नाव ठेवलेला पुतण्या टायटॅनिकवर गेला. पाठचे दोन भाऊ फर्डिनंड आणि चार्ल्स १९१७-१८ मध्ये गेले. मग घरचा तारेचा कारखाना बघणारा दुसरा पुतण्याही १९२१ साली अचानक गेला. घरात चालवणारं कुणी उरलं नाही तेव्हा ८४ व्या वर्षी हा पुन्हा कामाला लागला. रोज ट्रामने जायचा, बरोबर कुत्रा. जन्मभर आजारी म्हणून ओळखला गेलेला माणूस कारखान्याचा अध्यक्ष झाला आणि बेअर माउंटन पुलाच्या केबलचं काम त्याच्या हाताखाली झालं. तो पूल १९२४ साली खुला झाला. मुलाला शेवटपर्यंत पत्रं लिहीत होता.

२१ जुलै १९२६ ला गेला, ८९ वर्षांचा होऊन. सगळा खनिजसंग्रह मुलाने त्याच वर्षी स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला, आणि तो वाढत राहावा म्हणून वर दीड लाख डॉलर.

दगडधोंडे

तो निधी मला माहीत नव्हता. मुलाने वडिलांचा छंद चालू राहील अशी सोय केली. छान वाटलं.

ओळंबा

ताई, एक विचारू का? तुमच्या बाबांची ती पत्रं आहेत का अजून? मीही साइटवरून घरी लिहायचो, पण चित्र काढायचं कधी सुचलं नाही. मुलीला विचारलं परवा, तुला माझी पत्रं आठवतात का. म्हणाली, आठवतात, सगळ्यात सिमेंट आलं नाही एवढंच असायचं.

निळी_शाई

काका, सिमेंट आलं नाही म्हणजे बाबा लवकर येत नाहीत, एवढं तिला नक्की कळत असणार.

आहेत सगळी. काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून फाइल पुन्हा काढली आणि एका पुलाची एकवीस पत्रं तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. नुसती खालची चित्रं बघत गेले. सातव्या आणि आठव्या पत्रात बाण एकाच जागी आहे, तिथे पुराने काम थांबलं होतं. चौदाव्यात बाण पुसून थोडा मागे घेतलाय. हे मला लहानपणी कधी दिसलं नव्हतं.

एकविसाव्यात बाण नाही. पूल दोन्ही काठांना टेकलेला आहे आणि त्यावरून एक माणूस चाललाय, हातात बॅग.